लढाई संपली होती, मग आबा घरी का आले नाहीत? (दुसऱ्या महायुद्धानंतर सुटून आलेले आपले सैनिक)

माणदेशी
१० नोव्हेंबर, रात्री ९.४०

आमच्या आजीच्या बोलण्यात एक 'सुराबाई' यायची. "लढाई मिटली तरी तुजं आबा वरीसभर सुराबाईला व्हते," एवढंच म्हणून ती गप्प व्हायची. आम्हा पोरांना वाटायचं, ही कुणीतरी बाई आहे आणि घरात हा विषय काढायचा नाही. आबा गेले, मागोमाग आजीही गेली. गेल्या वर्षी माण तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर उतरवलं, तेव्हा कणगीच्या मागे आबांची लोखंडी ट्रंक निघाली. आत दोन पदकं, एक पितळी बटण आणि चार घड्या घातलेला डिस्चार्जचा कागद. घड्यांवर कागद फाटलाय, पण पलटण वाचता येते: मराठा लाइट इन्फन्ट्री, सहावी बटालियन. सुटल्याची तारीख डिसेंबर १९४६.

तिथून शोधायला लागलो आणि दोन दिवसांत सुराबाई सापडली. सुरबाया. जावा बेटावरचं बंदर, आजच्या इंडोनेशियात.

जपानने १५ ऑगस्ट १९४५ ला शरणागती जाहीर केली. आबांची बटालियन तेविसाव्या इंडियन डिव्हिजनमधल्या एकोणपन्नासाव्या ब्रिगेडमध्ये होती. ही माणसं १९४४ ची इंफाळची लढाई बघून आलेली. आता घरी जायचं, एवढंच प्रत्येकाच्या डोक्यात असणार. पण २५ ऑक्टोबरला ही ब्रिगेड सुरबायाच्या धक्क्यावर उतरली. काम सांगितलं होतं जपान्यांची हत्यारं काढून घ्यायचं आणि छावण्यांत अडकलेल्या कैद्यांना बाहेर काढायचं. इंडोनेशियाने तर १७ ऑगस्टलाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. तिथल्या लोकांना दिसलं ते एवढंच की इंग्रज आलेत आणि त्यांच्या मागून जुने राज्यकर्ते डच परत येणार. २८ ऑक्टोबरला लढाई पेटली. ब्रिगेड शहरभर छोट्या छोट्या चौक्यांत विखुरलेली, दारूगोळा संपत आलेला. ३० तारखेला ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. मग पाचवी इंडियन डिव्हिजन आणली गेली आणि १० नोव्हेंबरला मोठा हल्ला सुरू झाला, तो तीन आठवडे चालला.

आज १० नोव्हेंबर. इंडोनेशियात हा वीरदिन म्हणून पाळतात. म्हणून आजच लिहायला बसलो. आपला देश स्वातंत्र्य मागत होता आणि आबा दुसऱ्यांचं स्वातंत्र्य दाबायला उभे होते. त्यांना त्यातलं किती कळलं होतं, ते आता विचारता येत नाही. काँग्रेसने आणि नेहरूंनी भारतीय फौज इंडोनेशियात वापरायला विरोध केला होता, पण तो आवाज सुरबायाच्या चौकीपर्यंत पोचला असेल का?

ऑगस्ट ४५ ते डिसेंबर ४६ म्हणजे सोळा महिने. या काळात कुणाला आधी सोडायचं हे कोण ठरवत होतं? सोडताना हातात काय द्यायचे? तुमच्या घरी कुणी असं सुटून आलं असेल तर जे ऐकलंय ते लिहा. वडील म्हणतात, आबांकडे एक जाड खाकी ओव्हरकोट होता, रात्री ज्वारीची राखण करायला तोच अंगावर असायचा. ट्रंकेत तो नाही.

अबोली
१० नोव्हेंबर, रात्री १०.२५

दादा, वाचून गलबलून आलं. सुराबाई हा शब्द आता डोक्यातून जाणार नाही.

आमचं गाव खेडजवळ. माझे आजोबा लढाईत ड्रायव्हर होते, इराकच्या बाजूला. आमच्याकडे त्यांच्या लढाईची गोष्ट कुणी सांगितलीच नाही. सांगितली ती मनिऑर्डरची. दर महिन्याला त्यांच्या पगारातून कापून घरी पैसे यायचे. पोस्टमन पाखाडी चढून यायचा, आजी अंगठा लावायची आणि त्याच पैशांतून वाण्याची उधारी, दिराची फी, सासूचं औषध. सगळं घर त्या एका माणसाच्या पगारावर. १९४६ च्या पावसाळ्यात आजोबा घरी आले, अंगणात सगळ्यांनी रडून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात पोस्टमन आला नाही.

आजी म्हणायची, "माणूस आला नि मनिऑर्डर गेली." आनंद आणि धास्ती एकाच दिवशी. आजोबा सुटून आले म्हणजे त्यांची नोकरी गेली, हे कुणी मोठ्याने बोलायचं नाही. वर्षभर त्यांनी मुंबईला खेपा घातल्या. शेवटी १९४८ साली एसटी सुरू झाली, पहिली गाडी १ जूनला पुणे-अहमदनगर धावली, आणि ड्रायव्हर हवेत अशी बातमी आली. फौजेत शिकलेलं स्टिअरिंग कामी आलं. पुढे रिटायर होईपर्यंत एसटीतच.

मधली ती दोन वर्षं मात्र आजी कधी विसरली नाही. कानातल्या कुड्या त्या काळात गेल्या, त्या परत झाल्या नाहीत.

संदीप_पुणे
११ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

चांगला धागा. कुणाला आधी सोडायचं याबद्दल थोडं लिहितो, कारण हा प्रश्न सगळ्याच फौजांना छळत होता.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी मोठी चूक केली होती. उद्योगधंद्यांना ज्यांची तातडीने गरज आहे त्यांना आधी सोडायचं असं ठरवलं. ज्यांना नोकरी तयार होती ते बहुतेक शेवटी भरती झालेले. म्हणजे चार वर्षं खंदकात काढलेला मागे आणि चार महिन्यांपूर्वी आलेला पुढे. जानेवारी १९१९ मध्ये फोकस्टन बंदरात हजारो सैनिकांनी फ्रान्सला परत जाणाऱ्या बोटीत चढायला नकार दिला. चर्चिल त्याच महिन्यात युद्धमंत्री झाला आणि त्याने ती पद्धत मोडली. जुने, वयस्क आणि जखमी आधी.

हा धडा लक्षात ठेवून दुसऱ्या वेळी इंग्लंडचा मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिनने १९४४ मध्येच योजना जाहीर केली. वय आणि नोकरी यांची सांगड. दोन महिन्यांची नोकरी म्हणजे वयाचं एक वर्ष, असा हिशोब करून प्रत्येकाला गट नंबर द्यायचा. गट नंबर पुकारला की निघायचं. अमेरिकनांनी गुण दिले. महिन्याला एक, परदेशातल्या महिन्याला आणखी एक, लढाईतल्या पदकाला पाच, मुलामागे बारा, आणि ८५ गुण झाले की घरी. तरी जानेवारी १९४६ मध्ये मनिलात अमेरिकन सैनिक रस्त्यावर उतरलेच.

माझं म्हणणं असं की उशीर झाला तो मुद्दाम केलेला नव्हता. जहाजंच नव्हती. युद्धकाळात हिंदुस्थानी फौजेत सुमारे पंचवीस लाख माणसं होऊन गेली. १९३९ साली ही फौज दोन लाखांच्या आसपास होती. ऑगस्ट १९४७ मध्ये दोन्ही देशांत वाटणी झाली तेव्हा सैन्य चार लाखांच्या आसपास उरलं होतं. म्हणजे दोन वर्षांत लाखोंच्या लाखो माणसं घरी पाठवायची, तीही इटली, इराक, ब्रह्मदेश, मलाया, जावा इथून. कुणाचा तरी नंबर शेवटी लागणारच.

गिरणगावकर
११ नोव्हेंबर, दुपारी १.१५

संदीप, जहाजं नव्हती हे मान्य. पण ज्यांचा नंबर शेवटी लागला ते कोण होते तेही बघा.

जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावर इंग्रज हवाई सैनिकांनी काम बंद केलं. कारण हेच, आम्हाला घरी सोडा. बघता बघता ते हिंदुस्थान, सिलोन, सिंगापूरपर्यंतच्या तळांवर पसरलं. हा सरळ बंडाचा प्रकार. थोड्या जणांवर खटले झाले, बाकीच्यांना समजावून कामावर आणलं.

पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, आमच्या मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या किनाऱ्यावरच्या तळावर आरमारी खलाश्यांनी जेवण नाकारलं आणि संप पुकारला. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजं आणि वीस हजार खलाशी त्यात होते. याला आपण स्वातंत्र्यलढ्यातलं बंड म्हणून ओळखतो आणि ते तसंच होतं. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून आपली फौज परत आणा, या मागण्या त्यात होत्या. माणदेशी, तुमचे आबा सुरबायात अडकलेले असताना मुंबईत खलाशी त्यांच्यासाठी संपावर होते, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.

त्याच यादीत इतर मागण्याही आहेत, त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. लवकर सोडा. इंग्रज खलाश्याइतका पगार द्या. जेवण बरं द्या. आणि एक मागणी अशी की नोकरीतून सुटताना कपड्यांचा किट परत मागू नका.

ही शेवटची मागणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाचतच राहिलो. युद्धात आरमार दोनेक हजारांवरून तीस हजारांच्या घरात गेलं होतं. बहुतेक पोरं अठरा-वीस वर्षांची, आता सगळी बाहेर पडणार. कापड रेशनवर. आणि सुटताना अंगावरचे कपडे जमा करून जायचं! त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये सुटणाऱ्या सैनिकाला सरकार सूट, शर्ट, टाय, टोपी, बूट आणि रेनकोट पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून देत होतं. एकच राजा, एकच युद्ध.

माझी आजी तेव्हा परळला चाळीत राहायची. २२ फेब्रुवारीच्या हरताळात गोळीबार झाला, त्या दिवशी तिने खिडकीला गादी लावली होती. मुंबईत त्या दिवसांत दोनशेच्या वर माणसं मेली. २३ ला सरदार पटेलांच्या शब्दावर खलाश्यांनी संप मागे घेतला. त्यानंतर शेकडो जणांना नोकरीतून काढलं. तेही एक सुटणंच म्हणायचं, पण त्यांच्या हातात चांगल्या वर्तनाचा कागद नव्हता. स्वातंत्र्यानंतरही त्यांना ना भारताच्या नौदलात परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला तो फार उशिरा.

संदीप_पुणे
११ नोव्हेंबर, दुपारी २.०५

किटचा मुद्दा मला माहीत नव्हता. उशीर मुद्दाम नव्हता हे माझं मत कायम आहे. पण सोडताना केलेला भेद मुद्दामच होता, हे मान्य करतो.

सुभेदार_निवृत्त
११ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

रामराम मंडळी. मी सातारा जिल्ह्यातला, २८ वर्षं नोकरी करून पेन्शनीत आलो. धागा मुलाने वाचून दाखवला.

माणदेशी, तुमच्या आबांना पेन्शन नव्हती ना? नसणारच. शिपायाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं नोकरी लागते. लढाईसाठी भरती झालेल्यांची चार-पाच वर्षं झालेली, त्यांना ग्रॅच्युइटी देऊन मोकळं केलं. गावात दोन प्रकारचे फौजी असायचे. एक 'पेन्शनवाले', त्यांना मान. दुसरे 'नाव कमी होऊन आलेले'. लढाई दोघांनी सारखीच केलेली. पुष्कळ वर्षांनी राज्य सरकारने महायुद्धातल्या बिनपेन्शन सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान चालू केलं, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतं. पण तोवर किती जण उरले होते?

सुटायची रीत सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की एक दिवस सलाम ठोकला आणि निघाला. तसं नसतं. शेवटचे काही आठवडे माणूस एक कागद घेऊन फिरत असतो. लायब्ररी, कॅन्टीन, मेस, शस्त्रागार, सगळीकडे 'बाकी काही नाही' अशी सही. मग मेडिकल बोर्ड. भरतीच्या वेळी छाती मोजली होती, आता सोडताना परत मोजतात, कान-डोळे बघतात, कुठे काय लागलं ते लिहून घेतात. त्या दिवशी माणसाने तोंड उघडून सगळं सांगावं, मी प्रत्येकाला हेच सांगतो. मर्दपणा म्हणून गुडघ्याचं दुखणं लपवलं तर ते कागदावर येत नाही, आणि कागदावर आलं नाही तर जन्मभर भांडत बसावं लागतं. मी स्वतः कानाचं नीट सांगितलं नाही. पुढे एका दफ्तरात सहा वर्षं चकरा मारल्या.

मग क्वार्टरमास्टरच्या स्टोअरला सामान जमा. तिथे खरं कळतं. प्रत्येक वस्तूवर तुमचा नंबर असतो. पहिल्या महिन्यात तुम्हीच तो घातलेला असतो, मगवर, किटबॅगवर, कोटाच्या आत. स्टोअरवाला एकेक नाव पुकारतो आणि तुम्ही एकेक वस्तू काउंटरवर ठेवता. माझ्या हातून ग्रेटकोट सुटेना. सियाचीनच्या खालच्या बेसला त्या कोटाने माझा जीव राखला होता. स्टोअरवाला माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरगा. म्हणाला, "साहेब, घाई नाही, बसा."

संध्याकाळी बडाखाना म्हणजे पलटणीचं मोठं जेवण, फुलांचा हार, जीपमधून गेटपर्यंत. गेटच्या बाहेर पडल्यावर हात आपोआप टोपीकडे जातो आणि डोक्यावर टोपी नसते.

१९४६ ला बेळगावला मराठा पलटणींच्या सेंटरला रोज कितीतरी माणसं अशी मोकळी होत असतील. त्यांना कुठला बडाखाना? माझ्या सेंटरमधले जुने उस्ताद सांगायचे, एकाच दिवशी बराकी रिकाम्या व्हायच्या आणि कुत्री तेवढी मागे राहायची.

अबोली
११ नोव्हेंबर, सायंकाळी ७.१०

सुभेदारसाहेब, टोपीचं वाचून आजोबा आठवले. एसटीतून रिटायर झाल्यावरही कुणी हाक मारली की ते आधी उभे राहायचे, मग 'काय' विचारायचे.

भीमाकाठ
११ नोव्हेंबर, रात्री ११.३०

दोन दिवस वाचतोय. आमच्या बाजूचं लिहायला हवं.

आमच्याकडे फौजेतून सुटणं म्हणजे एका माणसाची नोकरी जाणं नव्हतं. अख्ख्या महार समाजाला फौजेच्या बाहेर काढलं जायचं, आणि हे दोनदा झालं. कोकणातल्या दापोली-महाड भागात महार सैनिकांची पेन्शनर घरं भरपूर होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, ते त्याच परंपरेतले. १८९० च्या दशकात महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक, त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही सरकारकडे तीच मागणी केली. सरकार हललं नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं. १९२१ मध्ये ती पलटण मोडली.

इतर जातींचा सैनिक सुटून आला तर त्याची पलटण तरी मागे राहिली. उद्या त्याचा मुलगा तिथे जाऊ शकत होता. आमच्या माणसाच्या मागे दार बंद झालं. फौजेत वर्दीवर होता, हुकूम देत होता, शिकलेला होता. गावी आला तर पाणवठा तोच, पायरी तीच. हे सगळे सुटून आलेले लोक गप्प बसले नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर जी माणसं जमली, त्यांत निवृत्त सैनिक मोठ्या संख्येने होते. रांगेत चालायचं कसं, जमाव सांभाळायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी तिथल्या भाषणात लष्करातली भरती बंद झाल्याचा विषय काढला होता.

दुसऱ्या महायुद्धात ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. या वेळी ती टिकली. युद्धानंतर मोडण्याऐवजी १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केलं, आणि ती आजही आहे. माझे चुलत आजोबा त्यात होते. ते सुटून आले तेव्हा ते एकटे सुटले, पलटण राहिली. घरात हा फरक आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितला जायचा.

अजून एक. युद्धातून सुटणाऱ्यांना काम कुठे द्यायचं, यासाठी जुलै १९४५ मध्ये केंद्र सरकारने पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय काढलं. हे मजूर खात्याखाली होतं आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर मंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो, जिथे आपल्या आई-बापांनी दहावी झाल्यावर नाव नोंदवलं, ते जाळं सुरुवातीला सुटलेल्या सैनिकांसाठी आणि युद्धकारखान्यांतल्या कामगारांसाठी विणलेलं आहे. १९४८ पासून ते सगळ्यांना खुलं झालं. त्याच वेळी सैनिकांना सुतारी, फिटरकाम, वेल्डिंग शिकवायची केंद्रं निघाली. १९५० नंतर त्यातूनच आयटीआयची घडी बसली. माझ्या वडिलांनी फिटरचा ट्रेड केला, मीही केला. वर्कशॉपमध्ये कानस धरताना मला कुणी सांगितलं असतं की हे बाक आधी सुटलेल्या शिपायांसाठी मांडले होते, तर फार बरं वाटलं असतं.

गिरणगावकर
१२ नोव्हेंबर, सकाळी ९.००

भीमाकाठ, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. माझं एक्स्चेंजचं कार्ड अजून घरात आहे, आज काढून बघतो.

संदीप_पुणे
१२ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

मराठा पलटणींच्या बाबतीत एक भर. इटलीतल्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला ती पहिली बटालियन. निमजचे, नगर जिल्ह्यातले. इटलीतली लढाई मे महिन्यात संपली. तरी ती बटालियन लगेच मोकळी झाली नाही. १९४६ मध्ये तिला जपानला पाठवलं, राष्ट्रकुल फौजेबरोबर ताबा ठेवायला, आणि १९४७ मध्ये परत आणलं. म्हणजे सुरबाया, जपान, दोन्हीकडे आपलीच माणसं. माणदेशी, तुमच्या आजीसारख्या 'लढाई मिटली तरी' म्हणणाऱ्या बायका साताऱ्यापासून नगरपर्यंत गावोगाव असणार.

सुभेदार_निवृत्त
१२ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

आमच्या 'अपशिंगे मिलिटरी' गावातही तेच. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ गेले, त्यांचा दगड आहे, लोक बघायला येतात. जे परत आले त्यांचा दगड नाही. त्यांची नावं सुद्धा कुणी एका जागी लिहून ठेवलेली नाहीत. भीमाकाठ, तुम्ही लिहिलंत ते आमच्या गावात वाचून दाखवणार आहे.

अबोली
१२ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

माणदेशीदादा, कोटाचा काही पत्ता लागला का? घरातल्या बायकांना विचारा. कपडा कुठे जातो ते त्यांनाच माहीत असतं.

माणदेशी
१६ नोव्हेंबर, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताईंचं ऐकून शनिवारी फलटणला आत्याकडे गेलो. ती ८१ वर्षांची आहे, आबांची थोरली लेक. मी सुराबाई म्हटल्याबरोबर हसली आणि मग पदर डोळ्याला लावला. तिला माहीत होतं की ते गावाचं नाव आहे. आबांनी तिला एकदाच सांगितलं होतं. एका घराच्या माडीवर ते तीन दिवस अडकून होते, पाणी संपलं होतं, आणि खालच्या गल्लीतली पोरं आपल्या पोरांएवढीच होती. पुढे काही बोलले नाहीत.

कोटाचं विचारलं. आत्या म्हणाली, आबांचा स्वतःचा कोट बेळगावला जमा करून घेतला. सुटल्यावर जे पैसे मिळाले त्यातून त्यांनी आजीला लुगडं घेतलं, आणि बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात तसलाच एक कोट दिसला, तो घेतला. थंडीचे दिवस होते आणि अंगावर एक सदरा. तोच कोट पंचवीस वर्षं राखणीला वापरला. बहात्तरच्या दुष्काळात आबा खडी फोडायला जायचे तेव्हाही तो अंगावर असायचा. मग बाह्या गेल्या, आणि आजीने पाठीचा भाग वाकळेत घातला.

वाकळ आत्याकडेच आहे. माळ्यावरून काढली, उन्हात टाकली. वरून जुन्या लुगड्यांचे तुकडे, हिरवे, जांभळे. एका कडेला टाके उसवलेले होते, तिथून आत खाकी लोकर दिसते. आत्या म्हणाली, उसव अजून, मी परत शिवीन. कॉलरच्या खालचा भाग निघाला. सुभेदारसाहेब, तुम्ही म्हणालात तसाच आत नंबर आहे. काळी शाई, पुसट झालेली. पहिले आकडे लागत नाहीत, शेवटचे तीन नीट दिसतात: ४१७.

आबांच्या डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर मी सोबत नेला होता. तो ४१७ वर संपत नाही.

कोट दुसऱ्याच कुणाचा होता. तो जमा करून घरी गेला, की त्याचा कोट तेवढा परत आला, हे आत्याला ठाऊक नाही आणि आबांनाही ठाऊक नसणार. साहेब, जुन्या नंबरावरून माणूस शोधायची काही सोय असेल तर सांगा. वाकळ आत्याने अजून शिवलेली नाही, तुमचं उत्तर येईपर्यंत तशीच ठेवलीय.